लिफ्टमधल्या बाईचं मृत्युपत्र

प्रिय बारके,

ताईचे भरभरून आशीर्वाद, आणि सोबत नेहमीची दटावणीही, कारण नुसतेच आशीर्वाद आले तर ताईचं काही खरं नाही असं वाटून तू पहिल्या गाडीने इकडे निघशील. (साठी उलटलेल्या बाईला बारकी म्हणणं बरं दिसत नाही, असं सूनबाई म्हणते. मी तिला सांगितलं, नाव ठेवलं तेव्हा ती बारकीच होती, पुढे तिनेच ते मनावर घेतलं नाही.) तुझा खोकला कसा आहे? गुळण्या करतेस, की करते म्हणून नुसतं सांगतेस? तुझ्या मांजराने शेजाऱ्यांशी समेट केला का? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. माझी प्रकृती तर इतकी उत्तम आहे की गेले काही आठवडे घरातली यच्चयावत माणसं माझ्या मरणाच्या तयारीला लागली आहेत, आणि त्यात सगळ्यांच्या पुढे मी आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की ह्यांना वाटतं मी एकटीच बोलते आहे, इतका आपला आवाज सारखा. शिवाय यातला काही मजकूर ह्यांच्या कानावर जायला नको होता. (का नको होता ते पुढे येईल. तू आपली चहा घेऊन बस.)

सुरुवात केली तुझ्या वकील भाचीने. तिच्या एका अशिलाचे वडील गेले, आणि घरातलं सगळं त्यांच्या फोनमध्ये अडकून बसलं. विम्याचे कागद, विजेची बिलं, नातीच्या जन्मापासूनचे फोटो, सगळं. फोन उघडायला त्यांचा चेहरा लागायचा, आणि चेहरा तर ते बरोबर घेऊन गेले. झालं, दिव्याखाली अंधार नको म्हणून बाईसाहेब रविवारी सकाळीच लॅपटॉप घेऊन आमच्याकडे हजर. मला समोर बसवलं आणि अशिलाला विचारावं तसं विचारलं की आई, तुझी डिजिटल मालमत्ता काय आहे? मी म्हटलं, एक वजनकाटा आहे, पण तुझे बाबा त्याच्यावर उभे राहिल्यापासून तो आकडा दाखवत नाही. तिने कपाळावर हात मारला आणि समजावून सांगितलं की जे हातात धरता येत नाही पण मागे उरतं, ते सगळं डिजिटल. मी म्हटलं, मग त्यात तुझ्या आजीचे टोमणेही आले.

तर माझी मालमत्ता अशी निघाली: एक ईमेल, ज्यात दुकानदारांशिवाय मला कुणी काही लिहीत नाही. हजारो फोटो, ज्यांतले निम्मे माझ्याच अंगठ्याचे आहेत. आणि एक पासवर्ड, जो सगळीकडे एकच आहे आणि अख्ख्या इमारतीला माहीत आहे, कारण टाइप करताना मी तो मोठ्याने म्हणते. ह्यांची इस्टेट माझ्याहून मोठी निघाली. पाणीखात्यात मीटर तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस, निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी आमच्या इमारतीच्या पाण्याच्या मीटरचा फोटो काढतो. सगळे फोटो तारखेवार लावलेले. ते आपल्या पश्चात सोसायटीला द्यावेत अशी ह्यांची इच्छा. लेकीने सेक्रेटरींना विचारलं, तर त्यांनी हात जोडून ही देणगी नाकारली. माझा म्हणावा असा फोटो त्या सगळ्या ढिगात एकच सापडला, आणि त्यातही मी धूसर आहे आणि मागचा मीटर स्वच्छ दिसतो आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण लेकीला एकदम आठवलं की आईची सगळ्यात मोठी डिजिटल मालमत्ता तर लिफ्टमध्ये आहे. तुला हे सगळं माहीत आहे, तरी सविस्तर लिहिते, कारण मला सांगायला आवडतं. मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत टेलिफोनवर बसायचे तेव्हाची गोष्ट. लिफ्टने मजला बोलून दाखवायची तेव्हा नवलाई होती. साहेबांना माझा आवाज पसंत पडला (त्यांना माझ्याकडून फोनवर सारखं ‘साहेब जागेवर नाहीत’ ऐकायची सवय होती, आणि लोकांचा त्यावर विश्वास बसायचा). मग गाद्यांनी मढवलेल्या एका खोलीत बसून आवाज दिला, मिळालेल्या पैशांतून आपण दोघींनी एकसारख्या चपला घेतल्या, आणि विषय संपला. तो आवाज अजून शहरातल्या कितीतरी जुन्या इमारतींत रोज चढतो-उतरतो. आमच्या समोरच्या दवाखान्यांच्या इमारतीतही मीच आहे. दाढदुखीचे, पाठदुखीचे, चष्मेवाले, सगळ्यांना मी आपापल्या मजल्यावर सोडते.

लेकीने कंपनीला पत्र टाकून विचारलं की आमच्या मातोश्रींच्या पश्चात हा आवाज कुणाचा? कंपनी मला पार विसरून गेली होती. ती खडबडून जागी झाली, आणि आठवड्याच्या आत एक तरुण गृहस्थ दारात उभे. गळ्यात टाय इतका घट्ट की मला सारखं तो सैल करावासा वाटत होता. (घरात त्यांचं नाव ‘टाय’ असंच पडलं, तेव्हा मीही तेच लिहिते.) टाय म्हणाले की तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून आमचं यंत्र तुमचा आवाज शिकू शकतं, आणि मग तो काहीही बोलू शकतो, कधीही, कायमचा. बाई, तुमचा आवाज अमर होईल. त्यावर हे शांतपणे म्हणाले, “अमर होईल ते ठीक आहे, मधूनमधून थांबेल का तेवढं सांगा.”

टायची योजना सरळ होती. मी सही करायची, आणि माझ्यानंतर त्या आवाजाने काय बोलावं हे ठरवणाऱ्या एका वारसाचं नाव लिहायचं. सही नाही केली तर महिनाअखेर जुना आवाज सगळ्या लिफ्टमधून काढून तिथे दुसरा बसवणार, कारण मालकीचा घोळ असलेली वस्तू ठेवायची नाही असा त्यांचा नवा नियम. यावर ह्यांनी एवढंच विचारलं की समोरच्या इमारतीतलाही काढणार का? टाय म्हणाले, सगळीकडचाच. हे उठले आणि मीटरचा फोटो काढायला गेले. वास्तविक त्या दिवशीचा फोटो सकाळीच काढून झाला होता.

टाय जाताना त्या यंत्राचा नमुना चिरंजीवांच्या फोनमध्ये घालून गेले. आपण वाक्य लिहायचं, ते माझ्या आवाजात बोलून दाखवतं. बारके, त्या दिवसापासून या घरातली माझी नोकरी गेली. चिरंजीव तर आईने त्याला कधी न म्हटलेली वाक्यं एकेक करून ऐकू लागला. सूनबाई लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करण्याचं काम करते, संध्याकाळी दमून येते. तिने पहिलंच वाक्य लिहिलं, “सूनबाई, तू बस, मी करते.” लिहिलं ते लिहिलं, वर माझ्याकडे बघून तीनतीनदा वाजवलं. ह्यांनी फार कल्पकता दाखवली नाही. ह्यांना फक्त “तुमचंच बरोबर आहे” एवढं हवं होतं. ते ह्यांनी आपल्या फोनवर घेतलं आणि प्रत्येक वादाच्या शेवटी वाजवायला सुरुवात केली. वाद कसला, तर खिडकी उघडी ठेवायची की बंद. मी म्हणते बंद, आणि माझाच आवाज ह्यांच्या खिशातून म्हणतो, तुमचंच बरोबर आहे. घरचा भेदी म्हणतात तो हा.

आणि ते यंत्र माझ्यापेक्षा गोड बोलायचं, हे सगळ्यात झोंबलं. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या, हल्ली तुमच्या घरातून किती छान बोलणं ऐकू येतं, प्राणायाम वगैरे सुरू केलात का? नळवाल्याला मी दोन आठवडे फोन करत होते, उद्या येतो म्हणायचा. चिरंजीवाने यंत्राकडून फोन करवला, तो तासाभरात पाना घेऊन दारात. वर मलाच म्हणाला, ताई, असं बोललात तर कोण येणार नाही? कानामागून आली आणि तिखट झाली असं ऐकलं होतं, ही कानामागून आली आणि गोड झाली. (या गोडव्याचं मूळ कुठे आहे ते मला नंतर कळलं. तुला बहुतेक आत्ताच कळलं असेल. गप्प बस आणि पुढे वाच.)

मग वारस कोण, यावर सभा भरली. मी जिवंत, समोर बसून भाजी निवडते आहे, आणि बाजारात तुरी असताना इकडे मारामारी सुरू. चिरंजीवाचं म्हणणं, आवाज त्याच्याकडे असावा, सकाळी उठवायला उपयोगी पडेल. (चाळिशी जवळ आली तरी ह्याला आईनेच उठवायला हवं, आणि तेही ती गेल्यावर.) लेकीचं म्हणणं, आवाज म्हणजे जबाबदारी आहे आणि ती वकिलाकडेच हवी. जावई एरवी गरीब माणूस, त्यांनी हळूच सुचवलं की गाद्यांच्या दुकानांना असे शांत आवाज भाड्याने लागतात. आयत्या बिळावर नागोबा कसा असतो ते मी त्या दिवशी चष्मा पुसून पाहिलं. शेवटी लेक म्हणाली, भांडू नका, आईच्या अटी काय आहेत ते तिलाच विचारू.

मी अटी सांगायला बसले, आणि खरं सांगते, मला फार मजा आली. आयुष्यात प्रथमच मी बोलत होते आणि सगळे लिहून घेत होते. माझ्या आवाजाने कुणाला काही विकायचं नाही, गाद्या तर नाहीच. माझ्या आवाजाने कुणाचं सांत्वन करायचं नाही. ते मला हयातीतही जमलेलं नाही, मी भेटायला गेले की लोक मलाच पाणी देतात. जी वाक्यं मी जिवंतपणी कधी बोलले नाही ती मेल्यावर बोलणार नाही, तेव्हा सूनबाईंनी आपलं वाक्य पुसावं. (त्यावर ती म्हणाली, मग एकदा बोलून टाका ना, आई. बोलावं लागलं. आणि बोलल्यावर उठून करावंही लागलं.) ह्यांनी दुसरं लग्न केलं तर माझ्या आवाजाने त्या घरात अवाक्षर काढायचं नाही. हे ऐकून सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे म्हणाले, “मला यंत्र नको. कुणी वारस करा. मला ते नको.” आणि चपला घालून फिरायला गेले. मला जरा लागलं. बायकोचा आवाज अमर होतो आहे आणि ह्या माणसाला तो फुकटसुद्धा नको.

दुसऱ्या दिवशी सहीचा कागद आला. लेक एकेक कलम वाचून दाखवत होती, आणि एका ठिकाणी मी भाजीची सुरी खाली ठेवली. तिथे लिहिलं होतं की सदर आवाज संपूर्णपणे माझा आणि केवळ माझाच आहे. बारके, इथे तू हसायला लागली असशील. हस. पण त्या गाद्यांच्या खोलीत काय झालं ते जगात तू, मी आणि तो रेकॉर्डिंगवाला एवढ्यांनाच माहीत, आणि तो तर केव्हाच परदेशी निघून गेला. तळमजल्यापासून मी सुरळीत चढत गेले. सहावा मजला म्हटला आणि मला उचकी लागली. पाणी प्यायले, श्वास धरला, रेकॉर्डिंगवाल्याने मागून येऊन भॉ केलं, काही उपयोग नाही. तो म्हणाला, बाई, तुमची कुणीतरी फारच जोरात आठवण काढतं आहे, आणि मला पाच वाजता खोली सोडायची आहे. तू माझा डबा घेऊन आली होतीस आणि कोपऱ्यात बसून त्यातलं निम्मं संपवलं होतंस. तुला उठवलं, माईकपुढे बसवलं, आणि सातव्यापासून वरचे सगळे मजले तू म्हणून टाकलेस. “वजन जास्त झालं आहे, कृपया एकाने उतरावं,” हेही तुझंच. (तेव्हा तू चवळीची शेंग होतीस, म्हणून तुला ते इतक्या ठसक्यात म्हणता आलं.) रेकॉर्डिंगवाल्यालाही फरक कळला नाही, मग आपण तरी कशाला कुणाला सांगतो?

आता आली पंचाईत. सही करावी तर ती खोटी, कारण अर्धी इमारत तुझी. न करावी तर महिनाअखेर आपण दोघी लिफ्टमधून बाहेर. आणि खरं सांगावं तर ह्यांना कळणार. माझा आवाज हजारांत ओळखतो असं हे लग्नापासून छातीठोकपणे सांगत आले आहेत, आणि वरच्या मजल्यावर माझ्याऐवजी मेहुणी बोलते आहे याचा ह्यांना इतक्या वर्षांत पत्ता नाही, असं मला वाटत होतं. या वयात माणसाचा अभिमान मोडला की तो दुरुस्त करणारा कारागीर मिळत नाही. ते यंत्र इतकं मधाळ कसं, हेही तेव्हाच उमगलं. ते अर्धं तुझ्यावरून शिकलं होतं.

या विवंचनेत मी दोन दिवस गप्प होते, आणि मी गप्प आहे हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण यंत्र चालू होतं. मग एका दुपारी बघते तर हे फिरायला म्हणून निघाले आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या दवाखान्यांच्या इमारतीत शिरले. मी खिडकीत उभी राहिले. बराच वेळ बाहेर येईनात. दुसऱ्या दिवशी तेच. माणूस मला न सांगता डॉक्टरकडे जातो म्हणजे काहीतरी गंभीर असणार. माझ्या पोटात गोळा आला. घरात सगळे माझ्या मरणाचे कागद करत होते, आणि ह्यांचा विचार कुणीच केला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी ह्यांच्या मागोमाग गेले.

तिथे लिफ्टपाशी एक रखवालदार बसतो. त्याला विचारलं की आत्ता गेलेले ते काका कुठल्या डॉक्टरकडे येतात? तो म्हणाला, काका कुठल्याच डॉक्टरकडे येत नाहीत, लिफ्टने सहाव्यावर जातात, जिन्याने खाली येतात, आणि पुन्हा लिफ्टमध्ये बसतात. तब्येतीसाठी करत असतील. मी भिंतीवरची पाटी वाचली. सहाव्या मजल्यावर एकच दवाखाना, त्वचारोगतज्ज्ञ, आणि नाव बाईचं. पोटातला गोळा झटकन डोक्यात गेला. म्हटलं, दुसऱ्या लग्नाची अट मी उगीच नाही घातली.

लिफ्टमध्ये शिरले. माझा तिशीतला आवाज मला एकेक मजला सांगत होता, आणि मी साठीतली बाई त्याच्यावर डाफरत होते की लवकर चल. सहाव्यावर दार उघडलं तर दवाखान्याला कुलूप, आणि हे एकटेच पॅसेजमधल्या खिडकीशी हात मागे बांधून उभे. मला बघून चोरी पकडल्यासारखे झाले. मी म्हटलं, काय चाललंय? हे म्हणाले, “काही नाही. महिनाअखेर तुला काढणार आहेत ना. तोवर ऐकून घेतो आहे.”

मी विचारलं, मग सहावाच का? पंधरा मजले आहेत. आणि खाली यायला जिना कशाला? तेव्हा हे जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुझ्यापासून काही लपवलं असं व्हायला नको. “सहाव्याच्या वर बारकी आहे. ती एकदा सुरू झाली की थांबत नाही. इथून लिफ्टने खाली जावं म्हटलं तर कधी कुणी वरून बोलावतो, लिफ्ट वर जाते आणि बारकी सुरू होते. त्यापेक्षा जिना बरा.”

ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नुसतं लिफ्टचंच नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा हे शेजारच्यांकडे फोन करायचे आणि तू धावत जाऊन माझ्या नावाने बोलत बसायचीस, तेही पहिल्या वाक्यात कळायचं म्हणे. मग इतका वेळ बोलायचात कशाला, म्हटलं. तर म्हणाले की तुझ्याबद्दल तू काही सांगायची नाहीस, बारकी सगळं सांगायची. पिवळा रंग मला आवडत नाही, दुपारच्या झोपेतून उठवलेलं मला खपत नाही, हे ह्यांना लग्नाआधी कसं ठाऊक, याचं मी इतकी वर्षं कौतुक करत होते. मनकवडा नवरा मिळाला म्हणून चारचौघींत मिरवलं. तो मनकवडेपणा तू फोनवरून पुरवत होतीस.

मग ह्यांनी मला जिन्याने खाली नेलं, पुन्हा लिफ्टमध्ये घातलं, आणि म्हणाले, आता सहाव्याला नीट ऐक. लिफ्टमध्ये गाल सुजलेला एक गृहस्थ होता, तो आमच्याकडे बघत होता, कारण हे माझा हात धरून छताकडे कान लावून उभे होते. सहावा मजला आला. ‘मजला’ संपता संपता शेवटी काहीतरी अडखळलं, भांड्याला भांडं जेमतेम लागावं इतकंसं. ती माझी उचकी होती, बारके. सुरू होणार होती तेवढ्यात रेकॉर्डिंगवाल्याने बटण बंद केलं असणार, तिचं नाक तेवढं रेकॉर्डिंगमध्ये राहिलं. इतकी वर्षं दाढदुखीची नि पाठदुखीची माणसं त्या उचकीबरोबर वर गेली आणि ऐकली फक्त ह्यांनी. हे म्हणाले, त्या दिवशी मीच घरी तुझी आठवण काढत होतो, किल्ल्या सापडत नव्हत्या. आणि मग म्हणाले, “ते यंत्र बोलतं चांगलं. पण मी इथून आठवण काढली तर त्याला उचकी लागेल का?”

मला फार आनंद झाला, बारके. अशा वेळी रडू यायला हवं, पण मला हसू आलं, आणि इतकं आलं की थांबेना. गाल सुजलेला गृहस्थही गाल धरून हसायला लागला, कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही तसेच पंधराव्या मजल्यापर्यंत गेलो. तुझा एकेक मजला आला की हे म्हणायचे, बघ, झाली सुरू.

घरी येऊन लेकीला सगळं खरं सांगितलं. ती आधी वकील म्हणून चिडली आणि मग भाची म्हणून हसली. तिने टायना बोलावलं. यंत्र बंद, त्याला शिकवलेलं सगळं पुसायचं, जुन्या लिफ्टमध्ये जुनंच रेकॉर्डिंग आहे तसं राहणार, आणि कागदावर एकीच्या जागी दोघी बहिणींच्या सह्या. तिने त्यांना बजावलं की दुसऱ्या बाईला न विचारता तिचा आवाज यंत्राला शिकवलात, हे कोर्टाला आवडणार नाही. टायनी प्रथमच टाय सैल केला आणि म्हणाले, साहेबांना विचारतो. साहेब तयार झाले. तेव्हा सोबत कागद पाठवते आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि लगेच परत पाठव, म्हणजे महिना संपायच्या आत पोचेल. नुसती सही कर, शेजारी फुलं काढू नकोस. तुझं ‘वजन जास्त झालं आहे’ कायम राहील, एवढं आश्वासन मी टायकडून घेतलं आहे. सूनबाईने जाता जाता यंत्रावर शेवटचं एकदा आपलं वाक्य वाजवून घेतलं.

बाकी क्षेम. खोकल्याला आल्याचा रस घे. मांजराला माझा नमस्कार सांगू नकोस, ते आधीच डोक्यावर बसलं आहे.

तुझी,
सहाव्या मजल्यापर्यंतची ताई

ता. क. कागदाच्या मागच्या बाजूला ‘माझ्या पश्चात आवाजाचा वारस’ अशी एक जागा आहे. यंत्र गेलं तरी ती जागा लेकीने ठेवली. पोरांना वाटतं मी ती कोरी सोडली. तिथे मी तुझं नाव लिहिलं आहे, आणि खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच आहे, वरचं सगळं तू बसून वाचावंस म्हणून लिहिलं. माझ्यानंतर आठवड्यातून एकदा ह्यांना फोन करत जा. लिफ्टला एक दिवस कुणीतरी काढणारच, कितीही सह्या केल्या तरी. तुझा आवाज मात्र माझाच आहे. फार काही बोलायचं नाही. जेवलात का, विचार. हो म्हणतील, खोटं असेल, तेव्हा ओरड. खिडकी बंद करा म्हणून सांग. माझं ओरडणं जरा वरच्या पट्टीत सुरू होतं आणि शेवटी एकदम खाली येतं, तुझं उलटं आहे, तेव्हा आतापासून थोडा सराव कर. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही, आणि सांगूही नकोस. एकच अट: माझ्या आधी जायचं नाही. तुझ्यामागे तो मान दुसऱ्या कुणाला देण्याची सोय कागदात नाही, मी लेकीला विचारलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला ह्यांच्याकडे दिलं, तर ह्यांनी आधी सगळं पत्र वाचून काढलं. चष्मा पुसला, खिडकी आपणहून बंद केली. मग म्हणाले, बारकीला लिही, फोन जरूर कर, पण ताईसारखं बोलू नकोस, स्वतःसारखंच बोल. तिचं मला पाठ आहे.

तेव्हा सराव नको. घसा तेवढा सांभाळ.